व्हय म्हाराजा म्हणायच्या आधी

आमच्या आईला देवाशी बोलताना आवाज खाली आणता येत नसे. तिचं म्हणणं, देव पाषाणाचा, त्याचे कानही पाषाणाचे. हळू बोललेलं त्याला ऐकू कसं जाणार? त्यामुळे तिने देवाकडे काय मागितलं हे देवाच्या आधी शेजारच्या घराला कळायचं, आणि शेजारच्या घरातून ते मसुऱ्याच्या बाजारात पोचायला फार वेळ लागत नसे.

आमच्याकडे देवाला नुसता नमस्कार करून भागत नाही, गाऱ्हाणं घालावं लागतं. पुढे नारळ ठेवायचा, एकाने उभं राहून देवाला सगळी हकीकत मोठ्याने सांगायची, काय हवं ते मागायचं, चुकलंमाकलं पदरात घे म्हणायचं, आणि प्रत्येक मागणीनंतर मागे उभ्या असलेल्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. देवळात हे काम मानकऱ्यांचं, घरात कर्त्या पुरुषाचं. आमच्या घरात मात्र ते आईकडे होतं, आणि त्याला कारण माझे वडील.

वडील प्राथमिक शाळेत मास्तर. लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीला आजोबांनी कौतुकाने त्यांना गाऱ्हाणं घालायला सांगितलं. वडिलांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "हे परमेश्वरा, आपणांस नम्र विनंती की आमच्या कुटुंबावर आपली कृपादृष्टी असावी." मागे आई, नवी नवरी. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "देव काय तालुक्याचो सायब आसा? आणि कुटुंब म्हणजे खंयचा? वाडीत सगळी एकाच आडनावाची. देवान कृपा खंय न्हेवन टाकूची?"

आजोबांना हसू आवरेना. पुढच्या वर्षी त्यांनी नारळ सरळ सुनेच्या हातात दिला. वडिलांच्या वाट्याला उरलं ते 'व्हय म्हाराजा', आणि एकूण संसारातही आपल्या वाट्याला तेवढंच उरलं, असं ते स्वतःच पाहुण्यांना सांगत. आई ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

आईचं गाऱ्हाणं पत्त्यापासून सुरू व्हायचं. "बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! मांगराच्या वयल्या अंगाक, बावीच्या कडेक जा कौलारू घर आसा, थयली ही तुझी लेकरा आज तुझ्यासमोर उभी आसत." मांगर म्हणजे शेतातलं खोपट, बाव म्हणजे विहीर; एवढ्या खुणा दिल्या की मग हजेरी. कोण आलं, कोण आलं नाही, न आलेल्याने कारण काय सांगितलं आणि त्या कारणावर आईचा कितपत विश्वास आहे, हे सगळं देवाला कळवलं जायचं. भाऊ मुंबईहून, म्हणजे डोंबिवलीहून, रात्रभर गाडीत अवघडून आलेला असायचा आणि मान खाली घालून ऐकत उभा असायचा. "ह्या माझ्या झिलाक आवशीची याद येवची बुद्धी दी. आणि फोन केल्यार 'जेवलंस काय' ह्याच्या फुडे एक तरी वाक्य बोलूची बुद्धी दी, म्हाराजा!" मागून आम्ही सगळे, आणि त्यात तो स्वतःही: "व्हय म्हाराजा!" त्याचे कान लाल झालेले मला मागून दिसायचे. पुढची माझी पाळी आहे हे माहीत असल्यामुळे मला हसता यायचं नाही.

घरच्या राखणदाराशी तर ती मालकिणीसारखी वागायची. परसात फणसाच्या मुळाशी त्याची जागा. वर्षातून एकदा तिथे रोट ठेवायचा, विडी ठेवायची, आणि घरादाराची राखण कर म्हणून सांगायचं. एके वर्षी माकडांनी सगळे पपये खाऊन टाकले. आई फणसाखाली उभी राहिली, कमरेवर हात. "तुका राखणेक ठेयलंव आणि वांदर पपये खावन गेले. निजललंस काय? औंदा अर्धीच विडी. बाकीची काम बगून." आणि तिने खरंच विडी मोडली, अर्धी त्याच्यापुढे ठेवली आणि उरलेली अर्धी पदराच्या टोकाला बांधून घरात आणली. वडिलांनी ती मागितली, पण त्यांना मिळाली नाही.

हे सगळं गमतीचं वाटेल, पण त्यात एक कलम फार कडक होतं. एकदा 'व्हय म्हाराजा' म्हटलं की म्हटलं. मागून फाटे फोडायचे नाहीत. "देवासमोर व्हय म्हटला म्हणजे झाला, मगे फिरूचा नाय," हे आम्ही बाराखडीच्या आधी शिकलो. आणि आई या कलमाचा फायदा घ्यायला जरासुद्धा लाजत नसे.

आमचे हे मिरजेकडचे, बँकेतले. लग्नानंतर पहिल्या चतुर्थीला आले तेव्हा त्यांना गाऱ्हाणं म्हणजे काय याचा पत्ता नव्हता. आतून वड्यांचा आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास येत होता, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. लवकर 'व्हय' म्हटलं की लवकर जेवण, असा हिशेब करून ते सगळ्यांच्या अर्धा श्वास आधीच 'व्हय म्हाराजा' म्हणायला लागले. आईने एकदा मागे वळून पाहिलं. मला ती नजर माहीत होती, पण सावध करायला वेळ मिळाला नाही. "आणि म्हाराजा, ह्या नव्या जावयाक मे म्हयन्यात येवन घराचे नळे परतूची बुद्धी दी!"

"व्हय म्हाराजा!" सर्वांत खणखणीत आवाज ह्यांचा.

पावसाआधी कौलं उतरवून, झाडूनपुसून, फुटकी काढून पुन्हा बसवायची, हे नळे परतणं म्हणजे गड्यांचंही कंबरडं मोडणारं काम. मे महिन्यात हे बनियनवर कौलारावर बसले होते, आणि खाली खळ्यात आई कोकम सरबताचा तांब्या घेऊन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "जावई बरो गावलो गो. आपणच व्हय म्हणालो." ती त्यांच्यावर जीव टाकायची. त्या दिवसापासून ह्यांनी तिच्यामागे उभं राहताना प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत ऐकून घ्यायची सवय लावून घेतली, आणि ती सवय बँकेतही उपयोगी पडली असं ते म्हणतात.

आई स्वतःसाठी कधी काही मागत नसे, असं लिहायचा मोह होतो. आया गेल्यावर सगळ्यांच्या आया तशाच होतात. पण ते खोटं होईल. आमची आई स्वतःसाठी भरपूर मागायची. गुडघे मागायची. मोबाईलला परसापर्यंत रेंज मागायची. मालिकेतल्या एका खाष्ट सासूला चांगलाच धडा शिकव, अशी मागणी तिने सलग दोन चतुर्थ्यांना केली, आणि आम्ही त्यालाही 'व्हय म्हाराजा' म्हटलं. माझी लेक नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर ती व्हिडिओ कॉलवरून गाऱ्हाण्याला हजर राहू लागली. फोनवरचा 'व्हय' चालतो का, असा प्रश्न निघाला. आईने निकाल दिला की चालतो, फक्त मध्ये कट होता कामा नये. नातीसाठी तिच्याकडे नेहमीच वेगळे कायदे होते. आम्हाला आंबोळी शिळी झाली तरी खावी लागे, नातीला वास आला तर आंबोळी गाईला जायची.

वडील गेल्यावर आई त्या घरात एकटी राहू लागली. ह्यांच्या बँकेमुळे आमचं बिऱ्हाड कणकवलीला. एसटीने अगदी जवळ, पण रात्रीबेरात्री काही झालं तर लांबच. एका श्रावणात ती बावीच्या शेवाळावरून घसरली. हाड मोडलं नाही, पण कमरेपासून निळीजांभळी झाली आणि हे आम्हाला तिने सांगितलंच नाही, शेजारणीने सांगितलं. तेव्हा मी आणि भावाने फोनवर ठरवलं की आता पुरे. चतुर्थी झाली की आईला उचलायचं. थंडीपर्यंत डोंबिवली, मग कणकवली. आरती होऊन जेवणं झाली की भावाने विषय काढायचा, मी री ओढायची, असं पक्कं ठरलं. माझी चूक एवढीच झाली की हे बोलणं चालू असताना पुण्याहून सुट्टीला आलेली माझी लेक शेजारी बसली होती, आणि ती रोज आजीला फोन करायची.

चतुर्थीला आईने नेहमीसारखा पत्ता सांगितला, हजेरी घेतली, पाऊसपाणी मागितलं. आम्ही नेहमीसारखे मागे. भात, व्हय म्हाराजा. काजू, व्हय म्हाराजा. नातीची नोकरी, व्हय म्हाराजा. लय लागली होती. आणि त्याच लयीत, श्वाससुद्धा न घेता, आई म्हणाली, "आणि म्हाराजा, माका जित्या जीवान ह्या घराचो उंबरो सोडूक लावू नको, आणि जे कोण लावूक बगतत त्यांका आजच बुद्धी दी!"

"व्हय म्हाराजा!"

तोंडातून गेल्यावर कळलं. भाऊ माझ्याकडे बघत होता, मी लेकीकडे बघत होते, लेक गणपतीकडे बघत होती. ह्यांनी मात्र ह्या वेळी ओठ घट्ट मिटून घेतले होते. शहाणा माणूस एकदाच कौलारावर चढतो.

"ह्या धरूचा नाय हां, आये," भाऊ म्हणाला.

"माका कित्याक सांगतंस? देवाक सांग," आई म्हणाली आणि वडे तळायला आत गेली.

त्यावर आम्ही हसलो, रागावलो, आणि शेवटी घरात एक बाई ठेवून, बावीला पंप बसवून गप्प बसलो. त्यानंतरची काही वर्षं आई जिंकल्याच्या आनंदात फारच छान जगली.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तिला चार पावलं चाललं तरी धाप लागू लागली. पाय सुजले. कुडाळला दवाखान्यात ठेवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, हृदय फार थकलंय. मुंबईला मोठ्या रुग्णालयात नेलंत तर एक शस्त्रक्रिया करता येईल, पण या वयात भरवसा देता येत नाही. आणि घरी ठेवलंत तर किती दिवस, तेही सांगता येत नाही. "तुम्ही दोघं ठरवा," ते म्हणाले. डॉक्टर भला माणूस होता, पण ते वाक्य ऐकून मला त्याचा राग आला.

आईला घरी आणलं. भाऊ डोंबिवलीहून आला, लेकही पुण्याहून आली. पडवीत मी भावाला त्या चतुर्थीची आठवण करून दिली. तो माझ्यावर असा ओरडला की बाहेर खळ्यातली कोंबडी पळाली. "व्हय म्हटलंव म्हणान आवशीक मरूक सोडू?" त्याचे डोळे भरले होते. त्याचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आज तर नाहीच. त्याला आई हवी होती. मलाही हवी होती. त्याने दुसऱ्या दिवशी सकाळसाठी रुग्णवाहिका सांगितली आणि मी आईच्या साड्या पिशवीत भरायला घेतल्या.

दुपारी आईने मला हाक मारली. आवाज आता पडवीपर्यंतही पोचत नव्हता. "इतक्या लांब न्हेतास, तर गाऱ्हाणा नको घालूक?"

"तू घाल," मी म्हटलं.

"माझा देवाक आयकाक जावचा नाय. तू घाल."

मी आयुष्यात कधी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. देवघर तिच्या खोलीला लागूनच, मधलं दार उघडं. नारळ ठेवला. भाऊ हातात फोन घेऊन दारात उभा राहिला, लेक आजीच्या पायाशी. मी हात जोडून म्हटलं, "बा देवा म्हाराजा, आमच्या आवशीक..."

"पत्तो?" पलंगावरून आवाज आला. "पत्तो सांगूक नाय तुया. मास्तराचा चेडू ता मास्तराचाच."

लेक फिसकन हसली. मीही हसले, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मांगर, बाव, कौलारू घर. मग म्हटलं, "हिका बरी कर, म्हाराजा. आमी मुंबैक न्हेतंव, थयसून स्वताच्या पायान चलत घराक घेवन ये."

"व्हय म्हाराजा," भाऊ म्हणाला. लेक म्हणाली. आई बोलली नाही.

जन्मभर कुणी मागे उभं राहून गप्प राहिलं तर 'तोंडात मिठाची गुळणी धरलंस काय' म्हणून फाडून खाणारी बाई, ती तोंड मिटून आढ्याकडे बघत होती.

"आये, व्हय म्हण मगे," मी म्हटलं.

"जा होवचा नाय, त्येका व्हय म्हणूक लावन माका देवासमोर खोटी पाडतंस?" ती म्हणाली. रागाने नाही. मग जरा दम खाऊन म्हणाली, "परत घाल. काय मागूचा ता तुका ठावक आसा."

मला ठाऊक होतं. भावालाही ठाऊक होतं. त्याने फोन खिशात टाकला, पुन्हा बाहेर काढला. मी परत देवाकडे वळले आणि पत्ता सांगायला लागले. मांगर सांगितला, बाव सांगितली, बावीवरचा पंप सांगितला. फणस सांगितला, फणसाखालचा राखणदार सांगितला, पायवाटेवरची जांभळ सांगितली, वडिलांनी लावलेलं आंब्याचं कलम सांगितलं. जोवर पत्ता चालला होता तोवर पुढचं काही मागावं लागणार नव्हतं.

"गावलो त्येका पत्तो," आई म्हणाली. "फुडे सांग."

"ही तुझी लेक, म्हाराजा," मी म्हटलं. "आजपावत ह्या घर तिनाच राखला. आता ती दमली. तिका ह्याच घरात, आपल्या माणसांत ठेय. आणि येळ इल्यार तिका सुखान..."

पुढचा शब्द येईना. एका अक्षराचा शब्द. लेकीने आजीच्या पावलांवर डोकं ठेवलं होतं. आईला वाट बघत ठेवायची मला लाज वाटायला लागली.

"ने, म्हाराजा," दारातून भाऊ म्हणाला.

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली. दवाखान्यातून आल्यापासून इतका स्पष्ट आवाज तिचा आम्ही ऐकला नव्हता.

मग तिने आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. आम्हाला म्हणावंच लागलं. आधी मी म्हटलं, मग लेक, शेवटी भाऊ.

"आता नारळ फोड," आई म्हणाली. "पाणी वाया घालव नको." भाऊ बाहेर गेला आणि त्याने गाडीवाल्याला नको म्हणून कळवलं. मी साड्या पिशवीतून काढून परत दांडीवर टाकल्या.

त्यानंतर ती आमच्यात थोडे दिवस होती, आणि खरं सांगायचं तर मजेत होती. पेज खायची, शेजारणीला तिच्या सुनेवरून चार गोष्टी सुनवायची, नातीला जवळ बसवून लग्नाचं विचारायची. ह्यांना पाहिल्या पाहिल्या नळ्यांची चौकशी करायची. एके दिवशी तिने भावाला फणसाखाली विडी ठेवून यायला सांगितलं. त्याने अर्धी का अख्खी विचारलं, तर म्हणाली, "अख्खी. आता राखण त्येका एकट्याकच करूची आसा."

एका सकाळी मी तिला पेज भरवत होते. दोन घोट घेतल्यावर तिने तोंड वाकडं केलं. "मीठ कमी आसा," ती म्हणाली. मी उठून मिठाचा डबा आणायला आत गेले. परत आले तेव्हा भाऊ तिच्या उशाशी बसला होता आणि तिचं डोकं त्याच्या हातावर होतं. मी डबा खाली ठेवला. त्याने मान हलवली.

घरातच होती. आपल्या माणसांत होती. चेहऱ्यावर नुसती मीठ कमी असल्याची तक्रार होती, दुसरं काही नाही. आम्ही मागितलं होतं तसंच सगळं झालं होतं, आणि आता कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं. भाऊ हुंदक्यात 'व्हय म्हाराजा' असं काहीतरी पुटपुटला. ते मलाच नीट ऐकू आलं नाही, मग देवाला काय ऐकू जाणार?

म्हणून मी मोठ्याने म्हटलं. आईच्या आवाजात म्हटलं. शेजारीण आमच्या खळ्यात धावत आली ती ते ऐकूनच.